मोल्सवर्थ या आडनावातील ‘वर्थ’

एका वाचकाने विचारले आहे : ‘मराठी-इंग्रजी शब्दकोशाचे कर्ते मोल्सवर्थ यांच्या आडनावात मोल आहे आणि वर्थही आहे. मराठीत मोल म्हणजे किंमत आणि इंग्रजीत वर्थ म्हणजेही किंमतच. हा निव्वळ योगायोग आहे, की साहेब इकडे आल्यावर कुणा मराठी माणसाने हे नाव घडवले? खुद्द इंग्लंडात हे आडनाव कितपत आढळते? आणि जुन्या लोकांच्या तोंडी असलेले मोलेसर हे रूप कसे तयार झाले?’

प्रश्न अतिशय नेमका आहे. त्यातील पहिल्या शंकेचे उत्तर असे की, हा योगायोगच आहे, आणि तोही दुहेरी. या आडनावातील ‘मोल’चा मराठी मोलाशी संबंध नाही, आणि त्यातील ‘वर्थ’चा किंमत या अर्थाच्या इंग्रजी शब्दाशीही संबंध नाही. मोल्सवर्थ हे मुळात एका खेड्याचे नाव आहे. इंग्लंडच्या पूर्व भागात पूर्वी हंटिंग्डनशायर नावाचा लहानसा परगणा होता. १९७४ साली तो केंब्रिजशायरमध्ये विलीन झाला. त्या परगण्याच्या पश्चिम कडेला मोल्सवर्थ हे गाव आजही आहे. विल्यम राजाच्या हुकमाने १०८६ साली इंग्लंडातील जमिनींची जी मोठी मोजदाद झाली, त्या दप्तरात या गावाची नोंद ‘मोलेसवर्दे’ अशी आहे. म्हणजे कोशकार मोल्सवर्थ जन्माला येण्याच्या सात शतके आधी हे नाव कागदावर उतरलेले होते.

आता त्याची फोड पाहू. पहिला घटक ‘मूल’ हे जुन्या इंग्रजीतील एका पुरुषाचे नाव आहे, आणि पुढचा ‘स्’ हा षष्ठीचा प्रत्यय, आपला ‘चा-ची-चे’. हे नाव केवळ गावाच्या नावावरून तर्काने काढलेले नाही. इंग्लंडातील केंट या जुन्या राज्यावर अल्पकाळ राज्य केलेला मूल नावाचा एक राजा इतिहासात होऊन गेला. वेसेक्स या दुसऱ्या राज्याचा राजा कॅडवाला याचा तो भाऊ. ६८७ साली केंटच्या लोकांनी त्याला जाळून मारले आणि ६९४ साली त्या हत्येची भरपाई वेसेक्सचा तेव्हाचा राजा इनी याला दिली, असे जुन्या इंग्रजी बखरीत नमूद आहे. हंटिंग्डनशायरचा मूल हा अर्थातच निराळा माणूस. त्याने ते शेत वसवले किंवा राखले यापलीकडे त्याचा माग उरलेला नाही.

मूल या नावाचा अर्थ बहुधा ‘खेचर’ असा असावा. लॅटिनमधील खेचरवाचक शब्द जुन्या इंग्रजीत याच रूपाने आलेला होता, आणि मिश्र कुळात जन्मलेल्या माणसाला ते टोपणनाव पडत असावे, असा अभ्यासकांचा कयास आहे. केंटच्या राजाबाबत तो कयास पटण्यासारखा आहे, कारण त्याचा भाऊ कॅडवाला याचे नाव इंग्रजी नसून ब्रिटनच्या मूळ केल्टिक रहिवाशांच्या भाषेतील आहे, आणि त्यावरून त्या घरात दोन्ही रक्तांचा संकर झाला असावा असे दिसते. आणखी एक गैरसमज येथेच दूर करायला हवा. जमिनीखाली बिळे करणाऱ्या एका प्राण्याला इंग्रजीत ‘मोल’ म्हणतात, आणि त्यावरून ‘त्या प्राण्यांनी उकरलेली जागा’ असा अर्थ या गावाच्या नावाला कधीकधी लावला जातो. परंतु तो शब्द इंग्रजीत चौदाव्या शतकाच्या अखेरीस दिसू लागतो आणि गावाचे नाव तर अकराव्या शतकातच पक्के झालेले आहे. व्युत्पत्तीच्या कामात कालक्रम हा पहिला साक्षीदार असतो, आणि येथे त्याची साक्ष स्वच्छ आहे.

दुसरा घटक अधिक महत्त्वाचा आहे, कारण हा घटक इंग्रजी गावांच्या आणि आडनावांच्या एका मोठ्या गटात येतो. जुन्या इंग्रजीत उच्चाराने अगदी जवळचे असे दोन वेगळे शब्द होते. एकाचा अर्थ मोल, योग्यता. जर्मन भाषेत आजही किंमतीला ‘वेर्ट’ म्हणतात तो त्याचा भाऊबंद. दुसऱ्याचा अर्थ कुंपण घातलेली जागा, म्हणजे आत घर, गोठा, थोडी लागवड आणि भोवती वई. पहिला शब्द बोलण्यात टिकून राहिला. दुसरा बोलण्यातून नाहीसा झाला आणि फक्त स्थळनामांत उरला. उच्चार सारखे झाल्यामुळे आजच्या वाचकाला सगळीकडे पहिलाच शब्द दिसतो. लंडनमधील वाँड्झवर्थ, वॉरिकशायरमधील केनिलवर्थ, स्टॅफर्डशायरमधील टॅमवर्थ या सर्व नावांतील वर्थ हा कुंपणाचा वर्थ आहे.

या फसगतीचे सर्वांत ठळक उदाहरण वर्डस्वर्थ हे आहे. कवीच्या आडनावात ‘शब्द’ आणि ‘मोल’ एकत्र यावेत हे इतके शोभून दिसते की तो अर्थ सोडवत नाही. प्रत्यक्षात ते यॉर्कशायरमधील वॉड्झवर्थ या गावाच्या नावाचे बदललेले रूप आहे, आणि त्या गावाच्या नावाचा अर्थ ‘वॅडी नावाच्या माणसाची कुंपणातली जागा’ इतकाच आहे. या कवीचे नातू विल्यम वर्डस्वर्थ हे मुंबईच्या एल्फिन्स्टन कॉलेजचे प्राचार्य होते. म्हणजे कुंपणवाल्या या दोन आडनावांचा मुंबई इलाख्याशी एकाच शतकात संबंध आला.

कुंपण असा अर्थ असलेला शब्द गावाच्या नावात कसा गेला, हे मराठी वाचकाला समजावून सांगावे लागू नये, कारण आपल्याकडे ‘वाडी’ने हाच प्रवास केला आहे, आणि त्या प्रवासाची उत्तम नोंद खुद्द मोल्सवर्थच्या कोशातच आहे. पुण्यात १९७५ साली निघालेल्या पुनर्मुद्रणात ‘वाडी’ हा शब्द काढून पाहावा. संस्कृत ‘वाटी’वरून तो आल्याचे सांगून कोशकाराने पहिला अर्थ दिला आहे तो कुंपण घातलेल्या शेताचा किंवा बागेच्या जमिनीचा, दुसरा अर्थ शेतकऱ्यांच्या झोपड्यांचा पुंजका, लहान वस्ती, आणि त्यानंतर कोकणातील गावे अशा सुट्या वस्त्यांची बनलेली असल्यामुळे गावाचा एक वेगळा भाग, असा तिसरा. इंग्रजी स्थळनामांचे अभ्यासक ‘वर्थ’चे अर्थ सांगतात तेही याच क्रमाने : आधी कुंपण, मग कुंपणातील घर, मग घरांची वस्ती, मग गाव. मोल्सवर्थ या आडनावाचे मराठी भाषांतर करायचे झाले तर ते ‘मूलाची वाडी’ असे होईल, आणि त्यासाठी लागणारा शब्द त्या आडनावाच्या धन्यानेच इतक्या बारकाईने अर्थ लावून आपल्या हाती ठेवला आहे. मला या सबंध प्रकरणात ही गोष्ट सर्वांत मोलाची वाटते.

गावाच्या नावाचे आडनाव कसे झाले, हाही प्रकार आपल्या परिचयाचाच आहे. नॉर्मन लोकांनी १०६६ साली इंग्लंड जिंकल्यानंतरच्या दोन-तीन शतकांत तेथे वंशपरंपरागत आडनावे रुळली. गावावरून पडलेली आडनावे सुरुवातीला ‘चा’ या अर्थाचे ‘द’ हे फ्रेंच अव्यय लावून लिहिली जात : वॉल्टर द मोल्सवर्थ, म्हणजे मोल्सवर्थचा वॉल्टर. पुढे ते अव्यय गळून पडले आणि गावाचे नाव जसेच्या तसे माणसाला चिकटले. आपल्याकडे ‘कर’ हा प्रत्यय टिकला म्हणून नेवरेकर म्हणताच गाव आणि माणूस यांतला फरक कळतो. इंग्रजीत तसा प्रत्यय नसल्यामुळे तो पुसला गेला. दोन्हीकडे एक नियम मात्र समान दिसतो. गावावरून नाव पडते ते बहुधा गाव सोडलेल्याला. गावात राहणारे सगळेच त्या गावचे असतात; तेथे त्या नावाने कोणाला ओळखणार?

आडनावाच्या दुर्मिळपणाचे कारणही यातच आहे. न्यूटन म्हणजे नवे गाव, सटन म्हणजे दक्षिणेचे गाव. अशा नावांची गावे इंग्लंडात ठिकठिकाणी आहेत, आणि त्या प्रत्येकातून बाहेर पडलेल्या माणसांमुळे ती आडनावे हजारो घरांत पोचली. स्मिथ म्हणजे लोहार. लोहार तर प्रत्येक गावात होता, म्हणून आज एकट्या ब्रिटनमध्ये पाच लाखांहून अधिक स्मिथ आहेत. मोल्सवर्थ नावाचे खेडे एकच आणि तेही लहान. तेथून बाहेर पडून ते नाव पुढे चालवणारी घराणी मोजकीच असणार, हे उघड आहे. चेशायरमध्ये मोल्ड्झवर्थ नावाचे आणखी एक गाव आहे, परंतु त्याच्या नावातील पहिला घटक डोके किंवा टेकाड या अर्थाचा वेगळाच शब्द आहे. लेखनाचे नियम पक्के होण्यापूर्वी अशा सारख्या नावांची सरमिसळ सहज होत असे, त्यामुळे आजच्या प्रत्येक मोल्सवर्थचे मूळ हंटिंग्डनशायरातच आहे असे ठामपणे म्हणू नये. लेखन किती सैल होते याचा एक सुंदर पुरावा म्हणजे मार्था मोल्सवर्थ या विधवेने १६३२ साली, आपल्या पंचावन्नाव्या वाढदिवशी लिहिलेले आत्मचरित्रपर काव्य. आयुष्यातील प्रत्येक वर्षासाठी एक याप्रमाणे त्यात पंचावन्न द्विपद्या आहेत. या बाईंचे आडनाव तेथे ‘मोल’च्या जागी ‘मौल’ वाचता येईल अशा वर्णांनी लिहिलेले आहे.

आडनाव थोड्यांचेच असले तरी ज्ञात आहे, ते मुख्यतः दोन शाखांमुळे. पहिली शाखा कॉर्नवॉलमध्ये पेनकॅरो येथे स्थिरावली. पहिल्या एलिझाबेथ राणीच्या काळात जॉन मोल्सवर्थ हा सरकारी हिशेबतपासनीस म्हणून तिकडे गेला, आणि १६८९ साली या घराण्याला बॅरोनेटचा किताब मिळाला. याच शाखेतील सर विल्यम मोल्सवर्थ (१८१०–१८५५) यांनी हॉब्ज या तत्त्वज्ञाचे समग्र साहित्य सोळा खंडांत संपादित केले, कैद्यांना ऑस्ट्रेलियात धाडण्याच्या प्रथेची चौकशी करणाऱ्या पार्लमेंटच्या समितीचे अध्यक्षपद भूषवले आणि मृत्यूपूर्वी काही महिने ते वसाहतमंत्री होते. दुसरी शाखा आयर्लंडमधील. डब्लिनमध्ये जन्मलेले रॉबर्ट मोल्सवर्थ (१६५६–१७२५) हे डेन्मार्कमध्ये इंग्लंडचे राजदूत होते. तेथील राजाच्या अनियंत्रित सत्तेवर त्यांनी १६९४ साली लिहिलेले पुस्तक बरेच गाजले, आणि १७१६ साली त्यांना व्हायकाउंट करण्यात आले.

या दोन शाखांमुळे आडनावाचा विस्तार कॉर्नवॉल, डब्लिन आणि पुढे ऑस्ट्रेलिया, न्यूझीलंड, कॅनडा, अमेरिका असा दिसतो. मात्र कोठेही ते रोज कानावर पडावे इतके झालेले नाही. माणसांपेक्षा जागांवर हे नाव अधिक ठळकपणे वाचायला मिळते. डब्लिनमध्ये आयरिश संसदेच्या समोर मोल्सवर्थ स्ट्रीट आहे. न्यूझीलंडची संसद वेलिंग्टनच्या ज्या मोल्सवर्थ स्ट्रीटवर आहे, त्या रस्त्याला सर विल्यम यांचे नाव दिलेले आहे, कारण ते न्यूझीलंड कंपनीचे एक संचालक होते. त्याच देशाच्या मार्लबरो भागातील मोल्सवर्थ स्टेशन हे सुमारे १ लाख ८० हजार हेक्टरांचे पशुपालनाचे रान तेथील सर्वांत मोठे मानले जाते. एका कुंपणाच्या नावाने आता एवढे रान ओळखले जाते. मूळ खेड्याजवळ दुसऱ्या महायुद्धात अमेरिकी बाँबफेकी विमानांचा तळ होता आणि १९८० च्या दशकात तेथे क्रूझ क्षेपणास्त्रे आणण्यावरून मोठी निदर्शने झाली, त्यामुळे ब्रिटनमध्ये त्या पिढीतील पुष्कळांना हे नाव तळाचे म्हणूनच आठवते.

हिंदुस्थानात या आडनावाचे दोन जण विशेष ठाऊक झाले. एक गिलफर्ड मोल्सवर्थ, सरकारी रेल्वेचे सल्लागार अभियंता. त्यांचे सूत्रांचे खिशातले पुस्तक अभियंत्यांच्या अनेक पिढ्यांनी वापरले. दुसरे आपले कोशकार, जेम्स टॉमस मोल्सवर्थ (१७९५–१८७१). ईस्ट इंडिया कंपनीच्या लष्करात अधिकारी असलेल्या या गृहस्थाने जॉर्ज आणि टॉमस कँडी या जुळ्या भावांच्या आणि शास्त्रीमंडळींच्या साहाय्याने १८३१ साली मराठी-इंग्रजी कोश सिद्ध केला आणि १८५७ साली त्याची सुमारे साठ हजार शब्दांची दुसरी आवृत्ती काढली.

बरोबर काम करणारी मंडळी त्यांना मोलेसर शास्त्री म्हणत. हे रूप कसे झाले असावे, याबद्दल माझा तर्क मांडतो. इंग्रज या नावाचा उच्चार साधारण ‘मोल्झ्वर्थ’ असा करतात. ल, झ, व ही ओळीने आलेली व्यंजने मराठी जिभेला जड जातात, म्हणून मध्ये स्वर घालून ती सोडवली गेली. ‘व’ विरला, आणि शब्दाच्या शेवटी ‘र’ला जोडून येणारा ‘थ’ ऐकूच न आल्यासारखा गळाला. उरले ते मोलेसर, आणि त्या शेवटाची आपल्या कानाला आधीपासून ओळख होती, कारण परमेश्वरचे परमेसर बोलीत रुळलेलेच होते. असेच संस्कार इतर साहेबांच्या नावांवरही झाले. एल्फिन्स्टनचे अलपिष्टन झाले. १७७९ साली कार्ल्याजवळ लढाईत पडलेल्या कॅप्टन स्ट्युअर्टला लोकांनी इष्टुर फाकडा केले, आणि त्या नावाने त्याचे स्मारक वडगाव मावळात आजही दाखवतात. ‘शास्त्री’ ही जोड मात्र उच्चाराच्या सोयीची नाही. ती त्या मंडळींनी समजून-उमजून दिलेली आहे.

लेखनाविषयी एवढेच सांगतो की, मराठीत मोल्सवर्थ हे रूप दीर्घ काळ रूढ आहे आणि तेच लिहावे. ‘मोलवर्थ’ असे ‘स्’ गाळून लिहिलेले कधीकधी दिसते, ते टाळावे, कारण ती वाडी मूलाची होती हे सांगणारे अक्षर नेमके तेच आहे.