घराला ओल, ठेकेदाराला घाई

प्रश्न : ताई, आमचं गाव दर्यापूर तालुक्यात, नाल्याच्या काठावर. यंदा श्रावणात एका रात्री नाला फुगला आणि घरात दोन फूट पाणी शिरलं. दीड दिवस ते तसंच होतं. पुढच्या तीन खोल्या, म्हणजे सपरी, माजघर आणि स्वयंपाकघर, विटा-सिमेंटच्या आहेत. वर स्लॅब. तिन्ही दहा बाय बाराच्या. मागची धान्याची खोली आणि ढोरांचा कोठा मातीच्या भिंतींचा, वर टिनं. आता पुढच्या भिंती कमरेपर्यंत काळ्या पडल्या आहेत, ऑइलपेंटचे पोपडे निघतात, घरात कुबट वास भरून राहतो. मुलगा पुण्याला नोकरीत आहे. त्यानं मोबाइलवर शोधून शहरातला एक ठेकेदार पाठवला. तो म्हणतो, तिन्ही खोल्यांना आतून केमिकल मारून वॉटरप्रूफ प्लास्टर करू, वर पुट्टी, खाली पीव्हीसीचे पॅनल, पंधरा दिवसांत काम पूर्ण. १,८०,००० रुपये सांगतो, निम्मे आधी. दहा वर्षांची गॅरंटी देतो म्हणतो. मार्गशीर्षात धाकटीचं लग्न आहे, पाहुणे यायचे आहेत. पैसे देऊ का?
– एक वाचक भगिनी, दर्यापूर तालुका

उत्तर : ताई, आज त्याला एक रुपयाही देऊ नका. तो माणूस वाईट असेल असं मी म्हणत नाही, पण जे काम तो पंधरा दिवसांत करतो म्हणतो, ते या महिन्यात कोणीच करू नये. तुमच्या भिंतींनी दीड दिवस पाणी पिलं आहे. ते पाणी वरून दिसतं तेवढंच नाही, विटेच्या पोटात आहे. आता त्यावर वॉटरप्रूफ प्लास्टर, पुट्टी आणि प्लास्टिकचं पॅनल चढवलं, तर त्याला बाहेर पडायला वाट राहणार नाही. मग ते भिंतीतून वर चढेल, पॅनलच्या मागे बुरशी धरेल आणि पुढच्या पावसाळ्याआधीच पॅनलच्या वरच्या कडेला पट्टा उमटेल. जिल्हा परिषदेच्या बांधकाम विभागात असताना पुरानंतर घाईनं लिंपलेल्या शाळाखोल्या मी बघितल्या आहेत. सगळ्यांची गत हीच झाली.

भिंत वाळायला किती वेळ लागतो, याचा जुना ठोकताळा आहे : इंचाला साधारण एक महिना. नऊ इंची भिंत दोन्ही बाजूंनी वाळली, तर चार-साडेचार महिने. आपल्याकडे ऑक्टोबरचं ऊन आणि हिवाळ्यातली कोरडी हवा असते, त्यामुळे हा काळ थोडा कमी होतो. पण भादव्यातल्या दमट हवेत भिंत वाळतच नाही, हे लक्षात घ्या.

म्हणून आत्ताचं काम एकच, पाण्याला वाट करून देणं. ऑइलपेंट हवा अडवतो, तो कमरेपर्यंत खरवडून काढा. प्लास्टरवर हातोडीच्या दांड्यानं ठोकत जा. जिथे पोकळ आवाज येईल तिथे ते सुटलेलं आहे, ते पाडा. ओलीची रेघ जिथे संपते त्याच्या एक फूट वरपर्यंत काढा, म्हणजे तुमच्याकडे साधारण चार फूट. भिंतीला लागून ठेवलेली कपाटं, कोठ्या, पेट्या हातभर पुढे ओढा. पाऊस नसेल तेव्हा समोरासमोरच्या खिडक्या उघड्या ठेवा, झड लागली की बंद करा. घरात कूलर असेलच. त्याचं गवत काढा, पाण्याचा पंप बंद ठेवा आणि नुसता पंखा भिंतीवर सोडा. आपल्या घरात असलेलं भिंत वाळवायचं सगळ्यात चांगलं यंत्र तेच आहे.

पण त्याआधी वीज. दोन फूट पाणी आलं म्हणजे खालचे प्लग, त्यांच्या मागच्या डब्या आणि भिंतीतल्या पाइपमधल्या तारा भिजल्या आहेत. मेन स्विच बंद करा आणि परवानाधारक वायरमनकडून सगळं तपासून घ्या, अर्थिंगसकट. ओल्या भिंतीला हात लावल्यावर झिणझिण्या आल्या, तर तो खेळ नाही. त्या खोलीत लेकरांना जाऊ देऊ नका. हे झाल्याशिवाय कूलरही लावू नका.

भिंत वाळली की नाही, हे बोटानं कळत नाही. दीड फूट लांब-रुंद जाड पारदर्शक प्लास्टिक भिंतीवर ठेवा आणि चारही कडा रुंद चिकटपट्टीनं बंद करा. दुसऱ्या दिवशी बघा. प्लास्टिकच्या आतल्या बाजूला दव धरलं असेल, तर भिंत अजून पाणी सोडते आहे. तिन्ही खोल्यांत दोन-दोन जागी, फरशीपासून हातभर उंचीवर, दर पंधरवड्याला हे करा आणि तारीख लिहून ठेवा. चाचणी सगळीकडे कोरडी आली की मिस्त्रीला बोलवा. ठेकेदारालाही ही चाचणी दाखवा. जो ती बघूनही ‘तसं काही नसतं, आमचं केमिकल आहे’ म्हणेल, त्याला चहा पाजून वाटेला लावा.

आता तुमच्या भागाची खास गोष्ट, आणि माझ्या मते यातली सगळ्यात महत्त्वाची. तुम्ही पूर्णेच्या खारपाणपट्ट्यात राहता. दर्यापूर, अकोट, तेल्हारा, मूर्तिजापूर, शेगाव, या सगळ्या पट्ट्यात बोअरचं पाणी खारं. घर बांधताना मसाला त्याच पाण्यात कालवला असेल आणि भिंतीवर तेच मारलं असेल, तर विटांत क्षार आधीपासूनच आहेत. पुराच्या पाण्यानं ते विरघळले. आता भिंत वाळू लागली की ते पृष्ठभागावर येऊन पांढरे फुटतील. हा लोणा. तो दिसला की घाबरू नका आणि तो पाण्यानं धुऊ नका. धुतला की क्षार पुन्हा विरघळून आत जातात. कोरड्या ब्रशनं झाडा, खाली वर्तमानपत्र पसरा, पडलेली पूड गोळा करून घराबाहेर टाका. फुटेल तेवढ्या वेळा झाडा. हिवाळाभर हे करत राहिलात, तर बराच क्षार तुम्ही हातानंच बाहेर काढलेला असेल. कोणी ॲसिडनं धुवायला सांगितलं तर ऐकू नका.

नवीन प्लास्टरला आणि त्यावर पाणी मारायला बोअरचं पाणी अजिबात वापरू नका. शहानूर धरणाचं नळाचं पाणी येत असेल तर ते ड्रमात साठवा, नसेल तर गोड्या पाण्याचा टँकर मागवा. आयएस ४५६ या भारतीय मानकात साध्या काँक्रीटच्या पाण्यात लिटरमागे २,००० मिलिग्रॅम क्लोराइड चालतं, पण सळई असलेल्या काँक्रीटला मर्यादा ५०० मिलिग्रॅमची आहे, कारण क्लोराइड सळईला गंज आणतं. म्हणून खांब, बीम, स्लॅबजवळ काही दुरुस्ती निघाली तर तिथे तर मुळीच तडजोड करू नका. ठेकेदार पाणी कुठून आणणार, हे त्याच्या कागदावर लिहून घ्या. आपल्या भागात हा प्रश्न दराच्या आधी विचारायचा असतो.

प्लास्टर गरजेपेक्षा जास्त कडक नको. एक भाग सिमेंट, एक भाग चुना, सहा भाग वाळू असं घ्या. आतून चुना मारा. पुट्टी, ऑइलपेंट, पॅनल यातलं काही नको. चुन्याची भिंत हवा घेते, ओल बाहेर सोडते.

आता पैशाचं. तुमची खोली दहा बाय बारा, म्हणजे एका खोलीचा आतून घेर ४४ फूट. तीन खोल्यांचा १३२. चार फूट उंचीपर्यंत काम धरलं तर ५२८ चौरस फूट. दारं वजा करा, पाचशेच्या आसपास राहतं. १,८०,००० ला पाचशेनं भागा : चौरस फुटाला ३६० रुपये. हा आकडा घेऊन तालुक्याच्या दोन मिस्त्र्यांकडे जा. जुनं प्लास्टर काढणं, मलबा नेणं, नवीन प्लास्टर आणि चुना, याचे चौरस फुटाचे दर वेगवेगळे विचारा. फरक तुमचा तुम्हालाच दिसेल. एकगठ्ठा रक्कम सांगणाऱ्याला मोजमाप विचारलंत की दर आपोआप खाली येतो.

सिमेंट, चुना, वाळू तुम्हीच दुकानातून बिलासह घ्या, ठेकेदाराला फक्त मजुरी ठरवून द्या. कागदावर खोल्यांची मापं, दर, कामाची तारीख, कोणतं पाणी वापरायचं आणि त्याचा पूर्ण पत्ता येऊ द्या. दोघांच्या सह्या, दोन साक्षीदारांच्या सह्या. पैसे तीन टप्प्यांत द्या : जुनं प्लास्टर निघाल्यावर, नवीन लागल्यावर, सात दिवस पाणी मारून झाल्यावर. दहावा हिस्सा पुढच्या पोळ्यापर्यंत हातात ठेवा, म्हणजे एक पावसाळा भिंतीवरून जाईल. त्याच्या दहा वर्षांच्या गॅरंटीपेक्षा तुमच्या हातातला दहावा हिस्सा खरा. यापूर्वी त्यानं जवळपासच्या कोणत्या गावात काम केलं तेही विचारा. मुलाला सुट्टी मिळाली की त्या घरी दोघं जाऊन खालच्या फूटभर भिंतीला हात लावून या.

मागची धान्याची खोली आणि कोठा यांना सिमेंटचा थर लावू नका, कोणी फुकट लावून दिला तरी नाही. मातीची भिंत सिमेंटच्या आत ओली राहते आणि एक दिवस बुडातून बसते. पाण्यानं बूड खाल्लं असेल तिथे आधी बांबूचा किंवा बल्लीचा टेका द्या, ढोरं तात्पुरती बाहेर बांधा, मग पांढरी माती, कुटार आणि शेण कालवून थराथरानं भरा. गावातली म्हातारी माणसं हे काम कुठल्याही शहरातल्या ठेकेदारापेक्षा नीट जाणतात. त्यांना मानानं बोलवा. मलबा उचलताना मात्र काठीनं आधी हलवून घ्या. पुरानंतर विंचू-साप त्याच्यातच बसलेले असतात.

पंचनाम्याबद्दल तुम्ही लिहिलं नाही, म्हणून विचारते : झाला का? झाला नसेल तर भिंत खरवडण्याआधी पाण्याच्या रेघेसकट प्रत्येक खोलीचे फोटो काढा आणि तलाठ्याकडे, म्हणजे आताच्या ग्राम महसूल अधिकाऱ्याकडे, लेखी अर्ज देऊन पोच घ्या. केंद्राच्या २०२२ ते २०२६ च्या मदत निकषांत किमान १५ टक्के पडझड झालेल्या पक्क्या घराला ६,५००, कच्च्या घराला ४,००० आणि घराला लागून असलेल्या गोठ्याला ३,००० रुपये होते, आताचे आकडे तहसीलला विचारा. त्या निकषांत कपडे-भांड्यांची मदत दोन दिवसांपेक्षा जास्त पाणी राहिलं तर होती. तुमचं दीड दिवस होतं, पण राज्य सरकार काही वेळा वेगळा निर्णय काढतं, तो तहसीलला विचारा. घरावर बँकेचं कर्ज असेल तर कर्जासोबत विमा काढलेला असू शकतो. २०२१ पासूनच्या ‘भारत गृह रक्षा’ पॉलिसीत पूर आहे. तसं असेल तर कंपनीला लगेच कळवा आणि सर्व्हेयर येऊन जाईपर्यंत काही तोडू नका.

लग्नाचं मी मनापासून समजते. लेकीच्या लग्नात काळ्या भिंती कोणत्या आईला बघवतील? पण मार्गशीर्षापर्यंत प्लास्टर काढलेल्या विटांवर पातळ चुन्याचे दोन हात मारता येतात. वाळण्याला ते आडवे येत नाहीत आणि घर उजळतं. खाली चार फूट कापडी पडदे भिंतीपासून वीतभर पुढे लावा. मांडव अंगणातच पडणार आहे. प्लास्टर माघ-फाल्गुनात, रंग होळीनंतर. लग्नासाठी ठेवलेले १,८०,००० लग्नालाच राहू द्या.

प्रश्न : पुराच्या दुरुस्तीसाठी एका ठेकेदाराला ४०,००० रुपये आगाऊ दिले, फोनवरून पाठवले. त्यानं दोन दिवस प्लास्टर पाडलं आणि गेला. आता फोन उचलत नाही. पोलिसांकडे जाऊ का?
– एक वाचक, वणी तालुका

उत्तर : भाऊ, आधी पुरावा गोळा करा. फोनवरून पाठवलेल्या पैशांची पावती, त्याचे मेसेज, अर्धवट कामाचे फोटो. मग त्याच्या पत्त्यावर पोचपावतीसह स्पीड पोस्टानं पत्र टाका : इतके दिले, इतकं काम झालं, पंधरा दिवसांत काम पूर्ण करा किंवा बाकी पैसे परत द्या. बरेच जण या पत्रानंतरच येतात. नाही आला तर १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवा, आणि तरीही काही झालं नाही तर यवतमाळच्या जिल्हा ग्राहक तक्रार निवारण आयोगात जा. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यात ठेकेदाराची सेवा येते. ५ लाखांपर्यंतच्या व्यवहाराला तक्रारीची फी नाही, वकील लावलाच पाहिजे असंही नाही, आणि ई-जागृती पोर्टलवरून घरबसल्या तक्रार देता येते. मुदत दोन वर्षांची आहे. पोलिसांकडे जायचं तेव्हा जा, जर त्यानं खोटं नाव-पत्ता दिला असं निघालं, किंवा हाच प्रकार गावातल्या आणखी लोकांशी केला असेल. तसं असेल तर सगळे मिळून जा.

आणि पाडलेल्या भिंतीची काळजी करू नका. ती उघडी आहे, म्हणजे वाळते आहे.