बीपीची गोळी हृदयातलं 'कॅल्शियम चॅनेल' अडवते म्हणे, मग दूध-नाचणी बंद करायची का?

तुमच्या वडिलांना अम्लोडिपिन सुरू झाली, पाकिटातल्या चिठ्ठीवर तुम्ही 'कॅल्शियम चॅनेल ब्लॉकर' वाचलंत आणि त्यांचं दूध नि नाचणीची आंबील दोन्ही बंद केलंत. शिवाय विचारलंय की हृदयातली ही चॅनेल्स, म्हणजे पेशीच्या आवरणातली कॅल्शियमची दारं, उघडतं कोण आणि मिटतं कोण.

आंबील आजच सुरू करा. रक्तातलं कॅल्शियम गळ्यातल्या पॅराथायरॉइड ग्रंथी फार काटेकोर सांभाळतात. खाण्यातून कमी आलं तर त्या हाडांतून काढून घेतात, पण रक्तातली पातळी सोडत नाहीत. म्हणजे दूध तोडून गोळीला काडीची मदत होत नाही, हाडांना मात्र तोशीस लागते.

आता दुसरा प्रश्न. मिरजेत मेडिकलच्या पहिल्या वर्षाला शरीरक्रियाशास्त्र शिकवण्यात माझी बरीच वर्षं गेली, त्यामुळे इथे थोडं लांबेल.

आमच्या वेळी बेडकाचं हृदय फिरत्या ड्रमला जोडायचो. काजळी धरलेला कागद ड्रमवर गुंडाळलेला, त्याला एक बारीक काडी टेकलेली. हृदय आकसलं की काडी वर, सैल पडलं की खाली. काळ्या कागदावर पांढरी नागमोडी रेघ उमटत जायची. त्यावर कॅल्शियम नसलेलं मीठपाणी सोडलं की लाटा बुटक्या व्हायच्या, आणि बघता बघता रेघ सरळ. पुन्हा कॅल्शियमचे थेंब टाकले की काडी हलायला लागायची. (आता बेडूक बंद झाले, मुलं संगणकावर बघतात. बेडकांचं भलं झालं, पण ते काजळलेले हात गेले.)

हे पहिल्यांदा कळलं ते चुकून. लंडनमध्ये सिडनी रिंगर नावाचे डॉक्टर नुसत्या मीठपाण्यात बेडकाचं हृदय चालवत होते. १८८३ मध्ये त्यांनी लिहून टाकलं की ते पाणी डिस्टिल्ड नव्हतंच, नळाचं होतं. त्या नळाच्या पाण्यात कॅल्शियम होतं. आमच्या बोअरच्या पाण्याने पातेल्याच्या बुडाशी जो पांढरा थर धरतो, त्यातलंच हे कॅल्शियम.

पेशीच्या बाहेर कॅल्शियम आतल्यापेक्षा सुमारे १०,००० पट जास्त असतं. त्यामुळे दार किलकिलं झालं तरी ते आत घुसतं. हृदयाच्या स्नायूपेशीतलं हे मुख्य दार म्हणजे एल टाइप चॅनेल. ते उघडतं विजेवर. विसावलेल्या पेशीचा आतला विजेचा दाब उणे ८०-९० मिलिव्होल्टच्या आसपास असतो. ठोक्याची लहर आली की तो वर चढतो आणि उणे ४० च्या पुढेमागे ही दारं उघडू लागतात.

पण या दारातून येणारं कॅल्शियम आकुंचनाला पुरत नाही. मळ्यात मोटरीनं हवा धरली की काय करतो आपण? पंपात दोन कळशा पाणी ओततो, मग ती विहीर उपसते. तसंच इथं. बाहेरून आलेलं थोडं कॅल्शियम पेशीच्या पोटातल्या साठ्याच्या दाराला लागतं, त्याला रायनोडिन रिसेप्टर म्हणतात, आणि मग साठ्यातून लोंढा सुटतो. माणसाच्या हृदयात आकुंचनाचं साधारण ७० टक्के कॅल्शियम या आतल्या साठ्यातलं. बेडकाचा साठा तोकडा, म्हणून बाहेरचं काढलं की त्याची रेघ इतक्या लवकर सरळ व्हायची.

उघडण्याचं इथं संपलं. मला विचाराल तर खरं कसब मिटण्यात आहे. एका ठोक्यात दार वेळेवर मिटलं नाही तर पेशी सैल पडत नाही, आणि सैल न पडलेलं हृदय भरत नाही. हे दार मिटवायला वेगळा राखणदार लागत नाही, आत आलेलं कॅल्शियमच ते मिटवतं. छतावरच्या टाकीतला बॉलकॉक आठवा: पाणी वाढलं की चेंडू वर येतो आणि तेच पाणी स्वतःची वाट बंद करतं. इथला चेंडू म्हणजे कॅल्मोड्युलिन नावाचं लहानसं प्रथिन. कॅल्शियम नसतानाही ते चॅनेलच्या शेपटाला चिकटून बसलेलं असतं. कॅल्शियम येऊन त्याला लागलं की ते वळतं आणि दार मिटू लागतं. विजेमुळेही दार हळूहळू मिटतंच, पण तातडीचं काम याचं. मग आतलं कॅल्शियम काही पंप साठ्यात परत ओढतात, आणि जेवढं बाहेरून आलं तेवढं तीन सोडियमच्या बदल्यात बाहेर जातं. दिवसाला लाखभर वेळा हा हिशोब जुळतो.

यावर शरीराचा हुकूम चालतो तो अड्रेनॅलिन या संप्रेरकाचा. २०१९ च्या महापुरात सांगलीत आमच्या गल्लीत पाणी शिरलं. गहू-तांदळाची पोती माडीवर चढवताना छाती अशी धडधडत होती की शेजारच्या काकूंना ऐकू जाईल असं वाटलं. तेव्हा अड्रेनॅलिन पेशीवरच्या, त्याचा निरोप घेणाऱ्या बीटा रिसेप्टरला लागतं, आत सायक्लिक एएमपी नावाचा निरोप्या रेणू वाढतो, त्यानं पीकेए नावाचं एन्झाइम जागं होतं आणि चॅनेलमधून जास्त कॅल्शियम येऊ लागतं. पीकेए त्यासाठी नेमकं काय करतं? मी वर्षानुवर्षं फळ्यावर लिहिलं की ते चॅनेलवरच फॉस्फेट चिकटवतं. पुस्तकात तसंच होतं. मग उंदरांमध्ये चॅनेलवरच्या त्या जागाच बदलून पाहिल्या, तरी अड्रेनॅलिनचा परिणाम होतच राहिला! २०२० मध्ये उलगडा झाला: चॅनेलच्या शेजारी रॅड नावाचं एक प्रथिन ब्रेक दाबून बसलेलं असतं. पीकेए फॉस्फेट चिकटवतं ते रॅडवर, मग रॅड बाजूला होतं आणि ब्रेक सुटतो. म्हणजे अॅक्सिलरेटर दाबला जातो असं शिकवत होतो, प्रत्यक्षात ब्रेकवरचा पाय उचलला जात होता. माझे जुने विद्यार्थी हे वाचत असतील तर वही दुरुस्त करून घ्या.

उलट बाजूला मेंदूकडून हृदयाकडे येणारी व्हेगस नर्व्ह असते, ती सायक्लिक एएमपी खाली आणते. मेटोप्रोलॉलसारखी बीटा ब्लॉकरची गोळी चॅनेलला हात लावत नाही, ती अड्रेनॅलिनला बीटा रिसेप्टरवरच अडवते.

मग अम्लोडिपिन? हेच चॅनेल रक्तवाहिन्यांच्या स्नायूतही असतं आणि ही गोळी मुख्यतः तिथं काम करते. त्या स्नायूपेशींचा विजेचा दाब हृदयपेशींइतका उणे नसतो, त्यामुळे त्यांची चॅनेल्स मिटून अडकलेल्या अवस्थेत जास्त वेळ असतात. अम्लोडिपिनला तीच अवस्था घट्ट धरता येते. वाहिन्या सैलावतात, बीपी उतरतं, हृदयाचं आकुंचन फारसं कमी होत नाही. याच गटातली व्हेरापामिल मात्र हृदयावर जास्त चालते, ठोके मंद करते. म्हणून बीटा ब्लॉकरसोबत ती द्यायला डॉक्टर कचरतात.

वडिलांच्या घोट्यांकडे लक्ष असू द्या. या गोळीनं काहींचे पाय सुजतात, संध्याकाळी मोज्याचा वळ उमटतो. तसं दिसलं तर गोळी आपल्या मनानं बंद करू नका, डॉक्टरांना सांगा, डोस किंवा गोळी बदलता येते. आणि आंबील सुरू केलीत की तिच्यात मीठ किती पडतं ते एकदा बघा. बीपीला कॅल्शियमपेक्षा ते जास्त नडतं.