डीएमआरटी१ हे प्रथिन शुक्राणू तयार होताना नेमकं काय करतं? त्यात बिघाड झाला तर काय होतं?

थोडक्यात सांगायचं तर हे प्रथिन पहारेकऱ्याचं काम करतं. ते डीएनएवर ठरावीक जागी बसतं आणि कोणती जनुकं चालू राहतील, कोणती बंद, हे ठरवतं.

वृषणातल्या शुक्राणूंच्या मूळपेशी आधी साध्या विभाजनाने वाढतात. मग अर्धसूत्री विभाजन होतं आणि माणसात गुणसूत्रं ४६ची २३ होतात. ही उडी घाईने मारली तर पेशींचा साठाच संपेल. उंदरांवरच्या प्रयोगांत दिसलं की डीएमआरटी१ 'स्ट्रा८' हे जनुक दाबून ठेवतं. हे जनुक म्हणजे अर्धसूत्री विभाजनाची शिट्टी! प्रथिनाचं प्रमाण घटलं की शिट्टी वाजते. प्रथिनच काढून टाकलं तर पेशी वेळेआधीच पुढे पळतात.

मला सगळ्यात थक्क करणारी गोष्ट वेगळीच वाटते. प्रौढ नर उंदराच्या सर्टोली पेशींमधून (म्हणजे शुक्राणूंना पोसणाऱ्या पेशींमधून) हे प्रथिन काढलं, तर त्या अंडाशयातल्या पेशींसारख्या वागू लागतात. म्हणजे 'नरपण' एकदा ठरलं की कायम टिकतं असं नाही, ते रोज राखावं लागतं.

माणसात डीएमआरटी१ बनवणारं जनुक ९व्या गुणसूत्राच्या टोकाशी असतं. टोकाचा तो तुकडा गळाला तर काही एक्सवाय (म्हणजे नराची गुणसूत्रं असलेल्या) बाळांमध्ये वृषणं नीट घडत नाहीत. काही पुरुषांमध्ये वीर्यात शुक्राणूच नसण्याशीही या जनुकातल्या बदलांचा संबंध आढळला आहे. वृषणाच्या कर्करोगाचा धोकाही या जनुकाच्या आसपासच्या फरकांशी जोडला गेलाय, पण त्यावरून एखाद्याला कर्करोग होईलच असं सांगता येत नाही.