एको नॉर्मल, तरी सोनोग्राफी कशाला?

प्रश्न : माझ्या २३ वर्षांच्या मुलीच्या डाव्या मनगटाची नाडी लागत नाही आणि दोन्ही हातांच्या रक्तदाबात बराच फरक येतो. महाधमनीला सूज आणणाऱ्या ‘टाकायासू’ आजाराची शंका डॉक्टरांना आहे. टू-डी एको (हृदयाची सोनोग्राफी) मात्र नॉर्मल आला. मग मानेची सोनोग्राफी कशासाठी? – एक वाचक, सातारा

उत्तर : एको नॉर्मल आला, याचा अर्थ हृदयाचे स्नायू, झडपा आणि महाधमनीचा हृदयालगतचा भाग सध्या ठीक आहे, एवढाच घ्यावा. या आजारात महाधमनीचे मूळ रुंदावून झडप गळू लागते का, हे एकोत उत्तम कळते, म्हणून ती तपासणी वाया गेलेली नाही. परंतु छातीतून खाली उतरणारी महाधमनी फुप्फुसांतील हवेमुळे एकोत नीट दिसत नाही, आणि हाताकडे जाणाऱ्या धमन्या तर नेहमीच्या एकोत पाहिल्याच जात नाहीत. तुमच्या मुलीची तक्रार नेमकी तिथली आहे.

मानेतील धमनी कातडीच्या अगदी जवळ असते, त्यामुळे सोनोग्राफीत तिच्या भिंतीचा थर न् थर दिसतो. निरोगी तरुण व्यक्तीत आतील दोन थरांची जाडी १ मिलिमीटरहून कमी असते. टाकायासूत भिंत सगळीकडून सारखी जाडावते आणि धमनीचा आडवा छेद पाहिला की ती मॅकरोनीच्या नळीसारखी दिसते. चरबीच्या थरांनी होणारे अडथळे एकाच बाजूला, ओबडधोबड आणि बहुधा उतारवयात आढळतात. हा फरक ओळखणे हाताळणाऱ्याच्या अनुभवावर फार अवलंबून असते. डॉप्लरने, म्हणजे रक्ताचा प्रवाह दाखवणाऱ्या सोनोग्राफीने, कॉलरबोनजवळच्या धमनीतील प्रवाह कुठे अडतो, तेही समजेल.

त्याच वेळी पोटाचाही डॉप्लर करून घ्यावा, असे मला आग्रहाने सांगावेसे वाटते. भारतीय रुग्णांत पोटातील महाधमनी आणि मूत्रपिंडांच्या धमन्या बऱ्याचदा अरुंद झालेल्या सापडतात व त्यातून तरुण वयात रक्तदाब वाढतो. पोटात वायू असल्यास चित्र झाकले जाते, म्हणून उपाशीपोटी जावे.

छातीतील महाधमनीसाठी एमआर किंवा सीटी अँजिओग्राफी (एमआरआय वा सीटी स्कॅनने रक्तवाहिन्यांची चित्रे घेणे) लागेलच. ईएसआर (शरीरातील सूज दाखवणारी रक्ततपासणी) नॉर्मल असला तरी ती टाळू नये, कारण आजार सक्रिय असूनही तो कधी कधी वाढलेला नसतो. सोनोग्राफीच्या अहवालात भिंतीची जाडी मिलिमीटरमध्ये लिहून मागा. औषधे सुरू झाल्यावर सहा महिन्यांनी तुलना करायला तोच आकडा उपयोगी पडतो.