जवाच्या वाणाची रोगप्रतिकारशक्ती काही हंगामांतच का जाते?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: भुरी (पानांवर पांढरी पूड पसरवणारा बुरशीचा रोग) येत नाही म्हणून प्रसारित झालेलं जवाचं वाण काही हंगामांतच भुरीने पांढरं पडायला लागतं. मग त्यातलं प्रतिकाराचं जनुक कमजोर होत जातं का? आणि कधीच न मोडणारं जनुक असू शकतं का?

जनुक कमजोर होत नाही. जव स्वपरागित पीक आहे. बियाणं शुद्ध राखलं तर ते जनुक दहाव्या वर्षीही पहिल्या वर्षासारखंच असतं. बदललेली असते बुरशी. मी वनस्पतीरोगशास्त्र शिकवतो आणि वर्गात यावर मी सर्वाधिक वेळ घालवतो, कारण प्रतिकार हा एकट्या झाडाचा गुण आहे ही समजूत सहजासहजी जात नाही. तो त्या झाडाच्या आणि समोर आलेल्या बुरशीच्या जोडीचा गुण असतो.

भुरीविरुद्ध जवात सर्वात जास्त वापरली गेलेली जनुकं एम-एल-ए या जागेवरची. ही जागा जवाच्या सात गुणसूत्रांपैकी १एच वर आहे आणि तिचे तीसहून अधिक प्रकार माहीत आहेत. भुरीची बुरशी पेशीत शिरताना झाडाचा बचाव दाबण्यासाठी स्वतःची प्रथिनं आत सोडते. एम-एल-एचा प्रत्येक प्रकार त्यातलं एखादं ठरावीक प्रथिन ओळखतो आणि ते ओळखताच ती पेशी स्वतःला मारून टाकते. या बुरशीला जिवंत पेशीशिवाय जगताच येत नाही, त्यामुळे तीही तिथेच उपाशी मरते.

बचाव प्रभावी आहे, पण तो चुकवायला बुरशीला फार काही करावं लागत नाही. ते एक प्रथिन थोडं बदललं किंवा बनवणंच थांबवलं की झाड तिला ओळखत नाही. त्यात भर म्हणजे वाऱ्याने उडणाऱ्या तिच्या बीजाणूंत प्रत्येक जनुकाची एकच प्रत असते. झालेला बदल दुसऱ्या प्रतीआड झाकला जात नाही, लगेच उपयोगी पडतो. मैलोन्‌मैल एकच वाण उभं असेल तर असा एखादा बीजाणू पुरतो, पुढचं काम वारा करतो. म्हणून एम-एल-एची जनुकं एकेकटी वापरली तेव्हा बहुतेकदा काही वर्षांतच निष्प्रभ झाली.

आता दुसरं टोक, एम-एल-ओ. नावं सारखी दिसतात, पण काम अगदी उलटं. १९४२ मध्ये जर्मनीत क्ष-किरणांनी घडवलेल्या उत्परिवर्तनांत भुरी न येणारं जव मिळालं. तसाच गुण इथियोपियातल्या पारंपरिक जवातही सापडला. १९९७ मध्ये हे जनुक वेगळं काढल्यावर कळलं की या झाडांना नवं काहीच मिळालेलं नाही, उलट त्यांचं एक जनुक बंद पडलंय. ते एरवी पेशीचा बचाव लगामात ठेवतं आणि भुरीला आत शिरायला त्याची गरज लागते. इथियोपियाच्या जवात तर जनुक शाबूत आहे, पण त्याच्या आधीचा एक तुकडा पुन्हा पुन्हा जोडला गेल्यामुळे ते नीट वाचलं जात नाही.

सूक्ष्मदर्शकाखाली दोन्ही पानं शेजारी ठेवली की फरक डोळ्यांनी दिसतो. बीजाणू पानावर रुजतो, त्याच्या नळीच्या टोकाशी फुगवटा तयार होतो आणि साधारण १२ ते १५ तासांत त्याखालून एक बारीक खुंटी पेशीभित्तीत घुसू लागते. एम-एल-एच्या पानात अनेकदा बुरशी आत पोचलेली दिसते आणि मग भोवतीची पेशी तपकिरी होऊन मेलेली. एम-एल-ओच्या पानात मात्र पेशी जिवंतच असते. तिने नेमकं त्या खुंटीसमोर कॅलोज या चिवट पदार्थाचं जाड गठळं रचलेलं असतं आणि बुरशी तिथेच अडकून राहते.

हा प्रतिकार चुकवायला बुरशीला काही टाकून देऊन भागत नाही, आत शिरण्याची नवी पद्धतच कमवावी लागते. मला वाटतं हेच तुमच्या दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर आहे. जनुक किती जोरकस आहे हे न विचारता, ते मोडायला बुरशीला काय करावं लागेल, हे विचारायला हवं. एम-एल-ओची वाणं १९७९ पासून युरोपात आहेत आणि तिथल्या वसंत ऋतूत पेरायच्या जवात हा प्रतिकार आजही टिकून आहे.

पण फुकट काही नाही. या झाडांच्या पानांवर रोग नसतानाही मेलेल्या पेशींचे ठिपके पडतात, आणि सुरुवातीच्या वाणांत उत्पादनही घटत होतं. शिवाय मेलेल्या पेशींवर वाढणाऱ्या बुरशींना हीच झाडं सोयीची ठरू शकतात. रॅम्युलॅरिया या बुरशीमुळे पानांवर पडणाऱ्या ठिपक्यांबाबत काही प्रयोगांत तसं दिसलंय.

एक जनुक म्हणजे अल्पायुषी, असा नियम मात्र काढू नका. १९३५ मध्ये अमेरिकेतल्या नॉर्थ डकोटात खोडावरच्या तांबेऱ्याने (हाही बुरशीचाच रोग) पीक झोडपलं असताना सॅम लायकन या शेतकऱ्याला शेतात एक निरोगी झाड दिसलं. त्यातून १९४२ मध्ये किंड्रेड हे वाण आलं. त्यातल्या आर-पी-जी-१ या एकाच जनुकाने तिथलं जव जवळजवळ अर्धं शतक सांभाळलं. तांबेऱ्याच्या उन्हाळी बीजाणूंत दोन केंद्रकं असतात, म्हणजे प्रत्येक जनुकाच्या दोन प्रती, त्यामुळे बदल झाकला जाऊ शकतो. आणि हा तांबेरा ज्या बार्बेरीच्या झुडपांवर लैंगिक पुनरुत्पादन करतो, ती झुडपं १९१८ पासून मोहीम काढून उपटली जात होती, त्यामुळे नव्या जाती बनण्याचा मोठा रस्ता बंद झाला. जनुकाइतकंच श्रेय त्या मोहिमेला द्यायला हवं, असं माझं ठाम मत आहे. १९८० च्या दशकाअखेर तांबेऱ्याची क्यूसीसी ही नवी जात आली आणि तो प्रतिकार भेदला गेला. तिच्याविरुद्ध ५एच गुणसूत्रावरची आर-पी-जी-४ आणि आर-पी-जी-५ ही जोडी कामी आली, आणि युगांडात सापडलेल्या यूजी-९९ गटाच्या तांबेऱ्याविरुद्धही हीच जोडी चालते.

म्हणजे कधीच न मोडणारं जनुक आहे असं कोणीही हमीने सांगू शकत नाही, पण मोडणं लांबवता येतं: एकाच वाणात वेगळ्या पद्धतीने काम करणारी जनुकं एकत्र आणायची, आणि सगळीकडे एकच जनुक पेरायचं नाही. एम-एल-ओबद्दल युरोपातल्या काही पैदासकारांनी तर आग्रह धरलाय की ते वसंतातल्या जवापुरतंच ठेवावं आणि हिवाळी जवात घालू नये. भुरी हिवाळा काढते ती हिवाळी जवाच्या हिरव्या पानांवरच, आणि तिथेही हाच प्रतिकार असेल तर बुरशीवर तो भेदण्याचा दबाव वर्षाचे बाराही महिने राहील.