बाईक आठ दिवस उभी होती, आता सेल्फ मारला की नुसती टिकटिक, किक नाही. कारच्या बॅटरीवरून चालू केली तर ईसीएम (इंजिनचा कंप्युटर) उडेल का?

नाही उडत, फक्त कारचं इंजिन बंद ठेवा. दोन्ही बॅटऱ्या १२ व्होल्टच असतात आणि बाईक तिला लागेल तेवढाच करंट ओढते, पण कार चालू असली की तिचं चार्जिंग बाईकच्या मानाने फार दणकट, ती रिस्क कशाला घ्यायची. बंद कारची बॅटरी बाईकला रग्गड होते.

धक्का मारून बघा असं सगळेच सांगतील. जुन्या कार्बोरेटरवाल्या गाडीला सेकंड गिअर टाकून पळवायची आणि क्लच सोडायचा, झालं काम. पण २०२० नंतरच्या बीएस सिक्स गाड्या बहुतेक इंजेक्शनवाल्या, त्यांचा पेट्रोलचा पंप बॅटरीवर चालतो, चावी फिरवल्यावर त्याचा बारीक घुंssई आवाजच आला नाही तर बॅटरी पार बसलीय समजा आणि उगाच दमू नका. मी दमलोय म्हणून सांगतो. डिसेंबरात सकाळी पांडवलेणीला गेलो, चावी गाडीलाच आणि ती पण ऑन, दीड तासाने खाली उतरलो तर गाडी जागेवर आहे हेच नशीब. मित्राने तीन वेळा पळवली, नाशिकच्या त्या थंडीत आम्हाला घाम फुटला पण गाडी ढिम्म.

शेवटी एक टोमॅटोचे क्रेट भरलेला पिकअपवाला थांबला, त्याच्याकडे केबल होती. मी शहाणपणा करून काळा चिमटा थेट बाईकच्या बॅटरीच्या मायनसला लावायला गेलो तर ओरडलाच, "ओ भाऊ, तिथं नको, इंजिनला लावा!" बरोबर होतं त्याचं. शेवटचा चिमटा टेकताना ठिणगी उडते आणि बॅटरीतून हायड्रोजन निघत असू शकतो, म्हणून ती ठिणगी बॅटरीपासून लांब पडलेली बरी. तर क्रम असा, लाल आधी बाईकच्या प्लसला, मग लालचं दुसरं टोक कारच्या प्लसला, मग काळा कारच्या मायनसला आणि सगळ्यात शेवटी काळा बाईकच्या इंजिनच्या उघड्या धातूला, रंग दिलेल्या जागी नाही. काढताना बरोब्बर उलटं. कारचे चिमटे बाईकच्या टर्मिनलला फार मोठे होतात, लाल चिमटा फ्रेमला टेकला की शॉर्ट, त्यामुळे मध्ये जाड रबर नाहीतर कोरडं फडकं धरा. दोन-तीन मिनिटं थांबून सेल्फ मारा, एका वेळी चार-पाच सेकंदच, सारखा दाबून धरला तर मोटर तापते.

चालू झाली की घराखाली नुसती घुरघुरत ठेवू नका, आयडलला चार्जिंग फार कमी होतं. गंगापूर रोडने सरळ धरणापर्यंत जाऊन या, मध्ये चहाला थांबलात तरी बंद करू नका :)

आता तुमच्या प्रश्नातली मला खटकलेली गोष्ट. माझी चावी राहिली होती, तुमची तर बंद होती ना? मग चांगली बॅटरी आठ दिवसांत बसत नाही हो. आधी टर्मिनलचे स्क्रू हलवून बघा, ढिले किंवा पांढरी बुरशी आलेली असली तरी अशीच टिकटिक होते. मग मल्टीमीटर लावा. चार्ज झालेली बॅटरी काही तास गाडी बंद असताना १२.६ व्होल्टच्या आसपास दाखवते, १२.२ म्हणजे साधारण अर्धी. गाडी चालू करून थोडी रेस दिली की १३.५ ते १४.५ दिसायला पाहिजे. तेवढं दिसत नसेल तर रेक्टिफायर नाहीतर स्टेटरचं (गाडी चालताना बॅटरी चार्ज करणारे भाग) बघायला सांगा, नाहीतर दुकानदार नवी बॅटरी गळ्यात मारेल आणि महिन्याभरात ती पण बसेल.

चार्जिंग नीट येत असेल तर मग बॅटरी जुनी झालीय, किंवा काहीतरी गुपचूप करंट खातंय. जीपीएस, अलार्म, हँडलवरचा मोबाईल चार्जर असलं काही नंतर लावून घेतलंय का? माझ्या चुलत भावाच्या गाडीत चार्जर थेट बॅटरीला जोडलेला, त्याचा निळा लाईट रात्रंदिवस चालू, आणि हा पठ्ठ्या दर महिन्याला बॅटरीला शिव्या घालायचा.