कोड सोडण्याआधी

प्रिय दोस्ता,

सहा वर्षं कोड लिहिल्यावर आता प्रॉडक्ट मॅनेजर व्हावंसं वाटतंय, असं कळवलंस. 'काय बनवायचं ते नेहमी दुसरंच कुणीतरी ठरवतं' हे तू दिलेलं पहिलं कारण वाचून मला हसू आलं. त्या खुर्चीत बसलेल्यालाही अगदी असंच वाटत असतं!

तुला अडचण येईल ती तुझ्या हुशारीचीच. तक्रार कानावर पडली की तुझ्या डोक्यात डेटाबेसची टेबलं आणि कोडचे तुकडे जुळायला लागतात. माझंही तसंच व्हायचं. प्रॉडक्ट मॅनेजर म्हणून नवीनच असताना ग्राहकांनी मागितलं म्हणून आम्ही रिपोर्ट एक्सेलमध्ये उतरवून घ्यायची सोय केली. फिल्टर, रंग, सगळं. दीड महिना गेला. नंतर एकीच्या शेजारी बसून पाहिलं, तर ती त्या अख्ख्या फाइलमधून एकच बेरीज उचलत होती आणि दर सोमवारी साहेबांना मेल करत होती. तो मेल आपोआप गेला असता तर तिचं काम भागलं असतं. 'हे घेऊन पुढे काय करता?' एवढं मी विचारलंच नव्हतं.

या कामाचं मूळ सॉफ्टवेअरमध्ये नाही, साबणात आहे. १९३१ साली प्रॉक्टर अँड गॅम्बलमध्ये कॅमे साबणाची जाहिरात सांभाळणाऱ्या नील मॅकेलरॉयनं एक टिपण लिहिलं : प्रत्येक ब्रँडची काळजी वाहणारा माणूस हवा, आणि खप कमी असेल त्या भागात त्यानं स्वतः जाऊन दुकानदारांशी, गिऱ्हाइकांशी बोलावं. आपल्याकडे अजूनही लोक डॅशबोर्डवरचे आकडे बघूनच निदान करतात.

दुसरी गोष्ट एस्टिमेटची. 'हे तर दोन दिवसांचं काम आहे' असं डेव्हलपरला कधीही म्हणू नकोस. तुझा अंदाज बरोबर असला तरी नाही. या कामात हुकूम चालत नाही. तू कुणाचा बॉस नसतोस, त्यामुळे लोकांचा तुझ्यावर जेवढा विश्वास, तेवढंच तुझं चालणार. त्यांचं डिझाइन त्यांना करू दे. हात शिवशिवतील, सोस.

आणि संध्याकाळचं ते समाधान जाईल. टेस्ट हिरव्या झाल्या, कोड मर्ज झाला, घरी गेलो, असं आता नाही. दिवसभर बोलून, लिहून, आठ जणांना 'आत्ता नको' सांगून उठशील आणि आज नेमकं काय केलं हे सांगता येणार नाही. मला याची सवय व्हायला वर्ष लागलं. खरं तर अजून पुरती झालेली नाही.

लगेच नोकरी बदलू नकोस. आहेस तिथेच महिनाभर रोज अर्धा तास सपोर्टची तिकिटं, म्हणजे ग्राहकांनी नोंदवलेल्या तक्रारी वाच, जमलं तर सपोर्टवाल्यांच्या फोनवर नुसता ऐकत बस. मग एकच अडचण निवड आणि पानभर लिही : कुणाला, कधी, किती वेळा अडतं, सध्या ते कसं निभावतात, आणि आपण काही केलंच नाही तर काय बिघडेल. त्या पानावर उपायाचा एक शब्दही नको. तुला सर्वांत जड जाईल ते हेच. लिहून झालं की आधी मला पाठव, तुमच्या मॅनेजरला नंतर दाखव.

तुझी,
ताई